कमरेवरचं एक इंजेक्शन आणि पुढची चार वर्षं

माझ्या उजव्या पायाचा पंजा २०२१ पासून वर उचलत नाही. खाली दाबता येतो, वर येत नाही, डॉक्टर लोक त्याला फूट ड्रॉप म्हणतात. स्लिपर घालून चालले की चार पावलांवर ती पायातून निघून मागे राहते आणि मला कळतही नाही, मागून कुणीतरी ओरडतं "ओ वहिनी, चप्पल". म्हणून आता मागे पट्टा असलेलीच चप्पल. आमच्या विट्यात मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, घरातच, पायमशीनवर. एवढं सांगितल्यावर या पायाचं आणि माझ्या भाकरीचं काय नातं आहे ते वेगळं सांगायला नको, पण हेच पुढे दवाखान्याविरुद्धच्या केसमध्ये कागदावर सिद्ध करताना आमचा घाम निघाला, त्याबद्दल मुख्य लिहायचंय.

झालं असं की पावसाळ्यात मला ताप आला, अंग इतकं ठणकत होतं की उठवेना, त्या वर्षी आमच्या गल्लीत घरटी एक तरी पेशंट होताच. संध्याकाळी मिस्टरांबरोबर जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेले, दहा-बारा कॉटचा दवाखाना आहे, नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठीवर दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं, डायक्लोफेनॅक, पुढे आयएम म्हणजे स्नायूत द्यायचं. आत एक मुलगा होता, पांढरा कोट वगैरे काही नाही, त्याने उभ्या उभ्याच कमरेवर सुई मारली. सुई आत गेल्या गेल्या करंट लागल्यासारखं कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत गेलं आणि मी किंचाळलेच. खरं तर असं झालं की तिथेच थांबून सुई बाहेर काढायची असते, हे मला नंतर कळलं. त्याने "झालं झालं ताई" म्हणत औषध सगळं आत सोडलं. डॉक्टर म्हणाले होतं असं कधी कधी, घरी जाऊन गरम पाण्याने शेका. रात्रभर पाय जळत होता, आणि सकाळी बाथरूमला जाताना पंजा फरशीला घासत गेला.

परत दाखवायला गेलो तर व्हिटॅमिन बी बाराच्या गोळ्या दिल्या. शुगर आहे का विचारलं, नव्हती. आठ-दहा दिवसांत येईल ताकद म्हणाले. धाकटे दीर सांगलीला मेडिकलमध्ये कामाला आहेत, त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाले, वहिनी उद्याच मिरजेला या, न्यूरोलॉजिस्टला दाखवू.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन पंजा वर करा म्हणाले, नाही झालं, मग अंगठा वर करा, तोही नाही. घोट्याच्या वर बाहेरच्या बाजूला टाचणी टोचली तर लागत नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं की कमरेतून पायात जी जाड नस उतरते ती सायटिक, कमरेवर इंजेक्शन द्यायचं तर वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात द्यायचं, म्हणजे ती नस लांब राहते. जरा खाली किंवा आत गेलं की नसेचा धोका, आणि त्या नसेचा जो भाग पुढे पंजा उचलणाऱ्या स्नायूंना जातो तो बाहेरच्या अंगाला असल्यामुळे मार बहुतेक त्यालाच बसतो. सुईपेक्षा आत गेलेलं औषधच नसेला जास्त जाळतं असंही म्हणाले. नस वाढते ती रोज साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून नडगीपर्यंतचं अंतर तुम्हीच मोजा, वर्ष तर जातंच, आणि तोवर स्नायू वाळत जातो.

एनसीव्ही आणि ईएमजी म्हणून नसांची तपासणी असते ती त्यांनी लगेच केली नाही, तीन आठवड्यांनी या म्हणाले. कारण नसेला इजा झाली तरी तिचा पुढचा तुकडा काही दिवस करंट वाहून नेतो, लगेच तपासली तर रिपोर्ट बरा दिसू शकतो. हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते. आणि दुसरं, त्यांनी कमरेच्या मणक्याचा एमआरआय करायला लावला. आम्ही कुरकुरलो, पाठ दुखतच नाही तर एवढे पैसे कशाला घालायचे? ते म्हणाले करून ठेवा. एमआरआय स्वच्छ आला, गादी सरकलेली नाही, नस दबलेली नाही. पुढे आम्ही भरपाईसाठी ग्राहक आयोगात गेलो तेव्हा समोरच्यांनी, म्हणजे दवाखान्याच्या बाजूने, पहिला मुद्दा हाच काढला की बाईला स्लिप डिस्क असणार, तेव्हा हा एमआरआय आमच्याकडे होता.

मी त्यांना विचारलं होतं, डॉक्टर तुम्ही लिहून द्याल का की इंजेक्शन चुकीचं दिलं म्हणून झालं? ते स्पष्ट म्हणाले, मी कुणाच्या विरोधात काही लिहिणार नाही, मी जे पाहिलं आणि तुम्ही पहिल्या दिवशी जे सांगितलं ते लिहितो. केसपेपरवर त्यांनी लिहिलं, इंजेक्शननंतर लगेच सुरू झालेली उजव्या सायटिक नसेची इजा. एवढीच ओळ. मला त्या दिवशी राग आला होता, पण वकीलमॅडम नंतर म्हणाल्या की ही ओळ सोन्याची आहे, कारण ती भांडण सुरू व्हायच्या आधीची आहे.

मिस्टरांचं रक्त तापलेलं, ते म्हणत होते पोलिसात जायचं. मॅडमनी समजावलं की डॉक्टरवर फौजदारीसाठी नुसता हलगर्जीपणा पुरत नाही, सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय की अगदी घोर निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यायचं. त्यात वर्षं जाणार, आणि जरी शिक्षा झाली तरी माझ्या मशीनचा हप्ता त्यातून भरला जाणार नव्हता. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण कौन्सिल पैसे देत नाही, ताकीद देईल किंवा नोंदणी काही काळ काढेल. नुकसानभरपाई हवी तर ग्राहक आयोग. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता केसचा निकाल आला, तेव्हापासून पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथे हा कायदा लागू होत नाही, म्हणजे आपण पैसे दिले हे दाखवता आलं पाहिजे. आणि आमच्याकडे बिलच नव्हतं! अशा दवाखान्यात मागतं कोण बिल. पण मिस्टरांनी पैसे फोनपेने दिले होते, त्याची नोंद तारीख आणि वेळेसकट निघाली. तीच आमची पावती.

त्याआधी एक काम मॅडमनी करून घेतलं ते म्हणजे दवाखान्याकडे लेखी अर्ज देऊन सगळे पेपर मागवले, पोच घेऊन. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. त्यांनी ७२ तासांत काही दिलं नाही, दुसरा अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला तेव्हा झेरॉक्स मिळाल्या. त्यात काय असावं? तेच इंजेक्शन, त्याच दिवशीचं, पण सलाईनमधून दिलं असं लिहिलेलं. म्हणजे कमरेवर दिलंच नाही. आणि माझ्या पर्समध्ये पहिल्या दिवसाची त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी, तिच्यावर स्वच्छ आयएम. मेडिकल दुकानाच्या बिलावर सलाईनची बाटली नाही, सलाईनचा सेट नाही, नुसती इंजेक्शनची कुपी आणि सिरिंज. मॅडम ते दोन कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या चहा घेणार का तुम्ही.

या मॅडम मिळाल्या त्याच्या आधी एक वकील भेटले होते, ते म्हणाले फी काही नको, जे मिळेल त्यातले तीस टक्के द्या. ऐकायला बरं वाटतं, खिशातून काही जात नाही. दिरांनी चौकशी केली तर कळलं की आपल्याकडे वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्का ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. मॅडमनी फी टप्प्याटप्प्याने घेतली. बायकांना तसं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे मला फार उशिरा समजलं, पण मिळतो.

तक्रार २०२२ मध्ये दाखल झाली. कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने मुदती वाढवल्या होत्या पण मॅडम म्हणाल्या त्या भरवशावर राहायचं नाही. मागणी पंधरा लाखांची होती आणि कोर्ट फी शून्य. माझा विश्वासच बसेना. तर नवीन ग्राहक कायद्यात फी मागितलेल्या भरपाईवर नसते, तुम्ही सेवेसाठी जे पैसे दिले त्यावर असते, आणि ते पाच लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. आम्ही दिले होते काही शेकडे रुपये.

दाखल करायच्या आधी नोटीस गेली होती. तिचं उत्तर यायच्या ऐवजी गावातला एक माणूस घरी आला, नाव सांगत नाही, सगळ्या निवडणुकांत असतो. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला डॉक्टर आपलेच आहेत, वीस हजार घ्या आणि शंभरच्या स्टॅम्पवर सही करा की तक्रार नाही. सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, वीस हजारात तुझा पाय देतोस का? तो गेला.

समोरच्यांची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ४५ व्या दिवशी आली, ३० दिवस आणि वर १५ दिवस एवढीच मुदत असते, त्यांनी शेवटचा दिवस गाठला. त्यात लिहिलं होतं की एक, इंजेक्शन कमरेवर दिलंच नाही. दोन, दिलं असेल तर बरोबर जागी दिलं. तीन, बाईला आधीपासून मणक्याचा आजार किंवा व्हिटॅमिनची कमतरता असावी. मला हसावं की रडावं कळेना, एकाच कागदावर दिलं नाही आणि बरोबर दिलं. मॅडम म्हणाल्या, कैफियतीत असंच असतं, सगळे दरवाजे बंद करायचे म्हणून लिहितात. डॉक्टरांचा व्यवसायाचा विमा होता हेही त्यातूनच कळलं, मग विमा कंपनीला पण जाबदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, केलं. याचा फायदा पुढे झाला, कारण पैसे डॉक्टरांच्या खिशातून जायचे नव्हते.

आयोगात साक्ष पिंजऱ्यात होत नाही, शपथपत्रावर होते. उलटतपास पण लेखी प्रश्नावलीने. मॅडमनी त्यांना जे प्रश्न पाठवले त्यातला एक साधा होता, सुई कोणी दिली आणि त्याची नर्सिंगची नोंदणी दाखवा. याचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही, "प्रशिक्षित कर्मचारी" एवढंच. तारखा मात्र पडत राहिल्या. कायद्यात लिहिलंय तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची, तपासणी लागली तर पाच. हे वाचून मिस्टर म्हणाले, कोणाचे महिने?

मग प्रकरण डॉक्टरांच्या समितीच्या मताला गेलं. मत आलं ते असं की स्नायूत इंजेक्शन दिल्यावर नसेला इजा होणं ही ज्ञात गुंतागुंत आहे. बास. समोरच्या वकिलांनी तो कागद डोक्यावर घेतला. ज्ञात गुंतागुंत म्हणजे कुणाची चूक नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी लेखी युक्तिवादात लिहिलं की ज्ञात आहे म्हणूनच तर जागा ठरवून दिलीय, पुस्तकात चित्र काढून दाखवलीय. वर २०१० चा व्ही. किशन राव केसचा निकाल जोडला, प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, काही गोष्टी स्वतःच बोलतात. आणि २००४ चा सविता गर्ग, की दवाखान्यात आत काय झालं ते दवाखान्याने सांगायचं, पेशंटने सुई मारणाऱ्याचं नाव शोधत बसायचं नाही. हे निकाल मला आता पाठ आहेत, काजेबटण करताना बोलून दाखवू शकते.

पण खरी ओढाताण झाली ती वेगळ्याच गोष्टीवर. चूक सिद्ध होत आली, आता नुकसान किती? मला पगार नाही. सॅलरी स्लिप नाही, फॉर्म सोळा नाही, दुकानाचा बोर्डसुद्धा नाही. समोरचे म्हणाले ही गृहिणी आहे, फावल्या वेळात शिवते. फावल्या वेळात! लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालायची माझी.

आम्ही घरातलं एकेक काढायला लागलो. माझ्या ऑर्डरच्या वह्या होत्या, लांब वह्या, प्रत्येक पानावर बाईचं नाव, मापं, उंची खांदा छाती मुंढा, गळ्याचं चित्र, अॅडव्हान्स किती, आणि कडेला त्या कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला. ही माझी सवय, अस्तर बदलून जाऊ नये म्हणून. २०१७ पासूनच्या वह्या होत्या. मॅडमच्या ऑफिसात टेबलावर त्या उघडल्या तर खणाचे, पैठणीचे, इरकलचे तुकडे सगळीकडे, त्यांची ज्युनियर एकेक पान उलटून बेरीज करत होती आणि मधेच विचारत होती, काकू हा गळा कसा कापता? दर महिन्याचा हिशेब निघाला. त्याला जोड म्हणून बचत गटाचं रजिस्टर, ओव्हरलॉक मशीनसाठी काढलेल्या मुद्रा कर्जाचे वेळेवर भरलेले हप्ते, आणि गिऱ्हाइकांची शपथपत्रं. पाच जणींनी दिली, त्यातल्या एकीने फक्त माझी थकलेली शिलाई माफ करायची अट घातली, केली माफ.

यावर समोरून आलं, मशीनला मोटार बसवा, झालं. बोलणाऱ्याने मशीन चालवलेली नाही हे लगेच कळतं. पायमशीनला पायडल पुढे दाबायचं मग टाचेने मागे, म्हणजे दर फेऱ्याला पंजा वर यायला पाहिजे, तिथेच माझं अडतं. आणि मोटारीला काय हाताने चालवतात? तिलाही पायाखाली पायडलच असतं, दाबलं की पळते, थांबवायचं तर पंजा उचलावा लागतो. माझा दाबला जातो, उचलत नाही. वर पायाला जाणीव कमी, किती दाबलंय ते समजत नाही. पहिल्यांदा मोटार लावून बसले तेव्हा सुई थांबेचना, पायपीन, म्हणजे कडेची पट्टी, लावताना बोटात गेली. आता डाव्या पायाने चालवते, शिकले, पण गळ्याच्या वळणाला हात आणि पाय एका तालात लागतात तो ताल डाव्याला अजून नाही, काम निम्म्यावर आलंय. दिरांनी याचा व्हिडिओ काढला, आधी पायमशीनचा, मग मोटारीचा, पायावर कॅमेरा धरून, आणि मॅडमनी तो पेनड्राइव्हवर ६५ बीच्या प्रमाणपत्रासह, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते, दिला.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र ३० टक्क्यांचं आलं. ४० च्या खाली म्हणजे सरकारी सवलतींतही बसत नाही. समोरचे लगेच म्हणाले मग ३० टक्केच उत्पन्न बुडालं. इथे अपघाताच्या केसमधला २०१० चा राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकाल कामाला आला, की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे टक्के वेगळे, त्या माणसाचं काम काय ते बघायचं. गायकाचा पंजा आणि शिंपिणीचा पंजा सारखा कसा मोजाल? आणि घरकामालाही मोल आहे, कीर्ती केसमध्ये २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते म्हटलंय, तोही निकाल जोडला.

२०२४ मध्ये निकाल लागला. रेकॉर्डमधला सलाईनचा घोळ आणि सुई देणाऱ्याची नोंदणी न दाखवणं, या दोन गोष्टींवर आयोगाने दवाखान्याला जबाबदार धरलं. कमाईचं नुकसान ५० टक्के धरलं. पाच लाख चाळीस हजार, तक्रारीच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रास आणि खर्चाचे वेगळे. पंधरा मागितले होते, मिस्टरांचा चेहरा पडला. मला तर वह्यांतली बेरीज जशीच्या तशी निकालपत्रात छापलेली बघून बरं वाटलं, "तक्रारदार या शिवणकाम व्यवसाय करतात", व्यवसाय असा शब्द.

ते राज्य आयोगात अपिलात गेले. अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, त्यामुळे नुसतं लांबवण्यासाठी अपील करणं त्यांनाही परवडत नाही. आम्ही इकडे वसुलीची दरखास्त तयार ठेवली होती. शेवटी विमा कंपनीच्या वकिलांनीच तडजोडीचा विषय काढला, मूळ रक्कम पूर्ण, व्याज थोडं कमी. मॅडम म्हणाल्या लढू शकतो, अजून दोन-तीन वर्षं धरा. मी घ्या म्हणाले. २०२५ मध्ये पैसे खात्यात आले. डॉक्टरांनी चूक मान्य केली असं तडजोडीत कुठेही नाही, तसं वाक्य घालायला ते तयार नव्हते आणि मी त्यावर अडून बसले नाही. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

नस परत येण्याची आशा आता मिरजेचे डॉक्टर देत नाहीत. पायाच्या मागच्या बाजूचा चांगला स्नायू पुढे आणून बसवायचं ऑपरेशन असतं, त्याने पंजा बऱ्यापैकी उचलतो म्हणतात, नंतर साधारण सहा आठवडे प्लास्टर आणि मग व्यायाम. पैसे त्यासाठीच बाजूला ठेवलेत. तोवर बुटात प्लास्टिकचा सपोर्ट घालून चालते. तारीख लग्नसराई संपल्यावरचीच द्या म्हणून सांगितलंय, सध्या तीन नवऱ्यामुलींचे ब्लाउज हातात आहेत आणि त्यातली एक दर दोन दिवसांनी गळा बदलते.